मार्लिसच्या टेबलावरचा डोळा

मार्लिस ब्रेक्केच्या टेबलावर तिच्या बापाचा डोळा असतो. काचेचा, निळा, जॅमच्या बरणीच्या झाकणात ठेवलेला. टेबल म्हणजे घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली असलेलं जाड फळ्यांचं टेबल. तिथे बसून ती स्वतःच्या रायफलीची काडतुसं स्वतः भरते. डोळ्याचं बुबुळ नेहमी तिच्या खुर्चीकडे. नवखा माणूस खोलीत आला की तो डोळा बघून दचकतो, आणि मार्लिसला मनापासून बरं वाटतं. या वयात फुकट मिळणारं एवढं एकच सुख राहिलंय, असं ती म्हणते.

वय सत्तरीच्या पुढे. हॅगर्टीत, म्हणजे मसलशेल नदीकाठच्या आमच्या गावात, तिने शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढली. अर्धं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालंय आणि तिची बोलणीही खाऊन मोठं झालंय. आज जे शेरीफच्या कचेरीत पिस्तूल लावून बसतात, त्यांनाही ती भर रस्त्यात विचारते, "गाजरं संपवतोस की अजून टेबलाखाली टाकतोस?" नवरा ऑरविल जाऊन बरीच वर्षं झाली. दर वर्षी पानगळीनंतर शिकारीचा हंगाम उघडला की ती परवाना काढते, नारिंगी जाकीट चढवते, टेकडीवर जाते आणि एक हरीण आणते. हिवाळाभर तिच्या घरात तेच मांस शिजतं.

रायफल बापाची. जुनी, लाकडाला हातांच्या घामाने काळपट चकाकी आलेली. त्या मापाची काडतुसं दुकानात मिळणं केव्हाच बंद झालं. त्यामुळे झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, घासून पुसून आकारात आणायच्या, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोललेली दारू नरसाळ्यातून आत ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. हे सगळं ती बापाकडून शिकली. पितळेच्या त्या पुंगळ्या इतक्या वेळा भरून झाल्यात की त्या तिला जुन्या ओळखीच्या वाटतात.

आणि एक कायदा आहे. मार्लिस टेबलाशी बसली असताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. घराला आग लागली तर आधी बाहेर पडायचं आणि मग हाका मारायच्या. एकदा ऑरविल नदीवरून आला तो अंगठ्यात माशाचा गळ रुतवूनच. आला आणि दारात उभा राहिला. रक्त टपटप चटईवर. तिने समोरचा पुंगळ्यांचा ट्रे भरून संपवला, एकेका पुंगळीत बॅटरीचा झोत टाकून बघितलं, आणि मग मान वर करून म्हणाली, "चटई कोण धुणार?" तो धुणार होता. त्याने धुतलीही. ऑरविल भला माणूस होता.

तिची मुलगी जोलीन बिलिंग्ज शहरात राहते. जोलीनचा नवरा ट्रेंट विम्याच्या कंपनीत आहे. कुठल्या गोष्टीला किती धोका आणि त्याचे किती पैसे, हे ठरवायचं त्याचं काम. माणूस वाईट नाही. सासूची गाडी न सांगता धुऊन ठेवतो. पण त्याला गप्प बसता येत नाही, आणि मार्लिसच्या लेखी याहून मोठं व्यंग नाही.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी, दोघं आले. हंगाम संपायला शेवटचा रविवार तेवढा उरला होता आणि मार्लिसला अजून हरीण मिळालं नव्हतं. गुडघ्याने दगा दिला होता, मग बर्फ, मग पुन्हा गुडघा. टर्की कापून झाली, बटाट्याची लेफ्सा, म्हणजे पातळ पोळी, लोणी लावून फिरली, भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या पायचा पहिला तुकडा ताटात पडला आणि ट्रेंटने फोन काढला.

"मार्लिस, रागावू नका. मी सहज हिशेब करत होतो."

"सहज हिशेब करणाऱ्याच्या हातून तो पायचा तुकडा काढून घ्या कुणीतरी."

"ऐका तर. लोक म्हणतात, घरी भरलेलं काडतूस स्वस्त पडतं. पण त्यात अवजारं धरत नाहीत, काटा धरत नाहीत, दारूचे डबे धरत नाहीत. हल्ली त्या टोप्या कुठे मिळतात तरी का? मिळाल्या तर काय भावाने? ती रायफल विकून एक साधी नवी घेतली आणि दुकानातली काडतुसं वापरली, तरी तुम्ही फायद्यात राहाल. रायफल आणि ते सगळं सामान घ्यायला राउंडअप गावचा एक जण तयार आहे."

"म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा आणलंस. माझ्या अंगावरच्या जाकिटाला किती येतात ते विचारलंस का?"

"मॉम," जोलीन म्हणाली. "पैशाचं सोड. ट्रेंटला मीच बोलायला सांगितलं होतं. मागच्या वेळी मी आले तेव्हा शेगडीचा बर्नर सुरू होता. नुसताच. वर भांडंही नाही. मी विचारलं, तर तू म्हणालीस, कुठला बर्नर?"

मार्लिसच्या मानेवर लाल पट्टे उठले. लेकीने चारचौघांत, म्हणजे टर्कीच्या सांगाड्यासमोर, हे काढावं याचा तिला संताप आला, आणि ते खरं होतं याचा त्याहून जास्त.

"तर मग ऐका," ती म्हणाली. "रविवारी सूर्य मावळायच्या आत मी हरीण पाडून दाखवते. माझ्या टेबलावर भरलेल्या काडतुसाने. नाही पाडलं, तर रायफल आणि टेबल ट्रेंटचं. त्याने विकावं, जाळावं, काय हवं ते करावं. मी परत नाव काढणार नाही. आणि पाडलं, तर या घरात हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. मी मरेपर्यंत."

"मॉम, पैज कशाला?"

"घाबरलीस?"

जोलीनही त्याच आईची मुलगी. तिने हात पुढे केला आणि दोघींनी पायच्या ताटावरून हात मिळवले.

आता मार्लिसकडे रायफल सोडली तर काय होतं, हे बाहेरच्याला कळणार नाही. शाळेचं स्वयंपाकघर गेलं, ऑरविल गेला, चर्चच्या भजनमंडळात आवाज चालेना म्हणून तेही गेलं. बिलिंग्जला मुलीच्या घराजवळ फ्लॅट बघून ठेवलाय हे तिला न सांगताही माहीत होतं. दरवर्षी स्वतःचं हरीण स्वतः आणणारी बाई आपल्या घरात राहू शकते. जिला ते जमत नाही, तिला लोक फ्लॅट दाखवायला नेतात. एवढं साधं होतं ते तिच्या डोक्यात.

शुक्रवारी दुपारी ती टेबलाशी बसली. आधीची काडतुसं नेम बघण्यात संपली होती, म्हणून नवी भरायची होती. खांदा दुखतो म्हणून ती बार, म्हणजे दारूचं माप, हलका भरते. त्यात एक गोम आहे. हलका बार पुंगळीत निम्मी जागाही घेत नाही, त्यामुळे चुकून त्यावर दुसरा बार पडला तरी तो मावतो आणि बाहेर सांडत नाही. अशा काडतुसाने रायफल हातातच फुटते. म्हणून तर तिचा बॅटरीचा झोत, आणि म्हणून तो कायदा.

दार उघडलं. "मार्लिस, फक्त एकच आकडा राहिलाय," ट्रेंट म्हणाला. हातात फोन. "इथे तुम्ही वर्षाला अंदाजे किती तास बसता?"

तिने उत्तर द्यायला नको होतं. ऑरविल असता तर त्याने ट्रेंटला कॉलर धरून बाहेर काढलं असतं. पण कालच्या जेवणापासून तिच्या जिभेच्या टोकावर चांगली उत्तरं जमली होती.

"तास? तू तासाला किती घेतोस रे, लोकांना मरणाची भीती घालायचे? मी इथे बसते ते तास माझ्या आयुष्यातले चांगले तास आहेत. ते तू खर्चाच्या बाजूला लिहिणार? बायकोबरोबर जेवतोस ते तासही लिही मग. आणि झोपतोस तेही."

"मी आपलं विचारलं फक्त..."

"विचारलंस. आता दार लावून घे. बाहेरून."

दार लागलं. मार्लिस विजयी चेहऱ्याने वळली आणि काम पुढे चालू झालं. गोळ्या बसल्या, काडतुसं डबीत गेली. कालचा सगळा राग एका दमात काढला होता तिने, आणि त्या खुशीत संध्याकाळी उरलेला भोपळ्याचा पायही संपवला.

शनिवारी वाऱ्याने काही दिसू दिलं नाही. रविवारी दुपारी आभाळ उघडलं. जोलीनने हट्ट धरला की ट्रेंटला बरोबर ने, गुडघा आहे, उतार आहे. मार्लिस म्हणाली, "नेते की. पण त्याच्या तोंडाला काय लावू?" तरी नेलं. ट्रेंट शहाण्यासारखा वागला. वाटेत एक शब्द बोलला नाही. बर्फात तिचे पाय रुतले तिथे त्याने मुकाट हात दिला, आणि तिनेही तो मुकाट घेतला.

उन्हं कलली तेव्हा ते देवदारांच्या कडेला, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे बसले होते. खालच्या घळीतून नर वर आला. मोठा, जाड मानेचा, शिंगांवर झाडाची साल अडकलेली. घाई नव्हती त्याला. उघड्यावर येऊन तो आडवा उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. इतकं सरळ हरीण मार्लिसला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. तिने रायफल ओंडक्यावर टेकवली, गाल लाकडाला लावला. नळी जागची हलत नव्हती. तिला स्वतःलाच नवल वाटलं आणि आनंद झाला. टेबल तिचं होतं. घर तिचं होतं.

"मार्लिस," ट्रेंट कानाशी कुजबुजला, "आता."

त्याच आवाजात, तसंच "मार्लिस". आणि तिला ती पुंगळी दिसली. शुक्रवारची. नरसाळं तिच्या तोंडावर होतं, आणि काट्याचं पारडं हातात होतं. दार उघडलं. ती वळली. बोलली. परत वळली, तेव्हा पारडं रिकामं होतं म्हणून तिने ते पुन्हा भरलं आणि ओतलं. रिकामं का होतं? त्याच पुंगळीत आधीच ओतलं होतं म्हणून? की आधीची पुंगळी बाजूला ठेवून ही नवी घेतली होती? आणि झोत? त्या पुंगळीत झोत टाकला होता का? टाकला असणार. ती नेहमी टाकते. पण टाकल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त स्वतःचं वाक्य, बायकोबरोबर जेवतोस ते तासही लिही, आणि ते किती झकास जमलं होतं.

तिने चापावरून बोट काढलं.

"काय झालं?" ट्रेंट ओठांनीच म्हणाला.

"एकात दोनदा बार पडला असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल."

"आणि नसेलही?"

"नसेलही."

"मग दुसरं काडतूस घाला ना!"

"सगळी त्याच बैठकीतली आहेत. कुठलं ते मला माहीत नाही."

नराने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, आणि कुणीतरी बोलावल्यासारखा शांतपणे झाडांत निघून गेला. मार्लिसने रायफल रिकामी केली, काडतुसं खिशात टाकली. ट्रेंट पश्चिमेकडे बघत होता. सूर्य डोंगराला टेकला होता. हंगाम संपला. तिला ओरडावंसं वाटलं, त्याला दोष द्यावासा वाटला, आणि दोष होताही त्याचा. पण उत्तर दिलं होतं तिने.

घरी जोलीनने दारातच ओळखलं. मार्लिसने बूटही काढले नाहीत. मागच्या खोलीतून काटा आणला आणि तो हातोडा आणला, ज्याच्या पोकळ डोक्यात काडतूस उलटं अडकवून ठोकलं की गोळी निसटते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती ठोकायला बसली. प्रत्येक ठोक्याला कपाटातल्या बश्या वाजत होत्या.

"नुसती वजनं करून कळणार नाही का?" ट्रेंटने हळूच विचारलं.

"पुंगळ्या जुन्या, वेगवेगळ्या सालच्या. वजनात त्यांचाच फरक आतल्या दारूच्या वजनापेक्षा जास्त आहे. उघडल्याशिवाय कळत नाही."

एकेक गोळी निघाली, एकेका बाराची काळी राखाडी चिमूट काट्यावर पडली. बरोबर. पुढची बरोबर. तिघंही काट्याकडे बघत होते. शेवटचं काडतूस उघडलं. तेही बरोबर. डबीतलं प्रत्येक काडतूस चोख होतं. शुक्रवारी मार्लिसच्या हाताने चूक केलीच नव्हती.

मग ट्रेंटला राहवलं नाही. "म्हणजे त्यातलं कुठलंही चाललं असतं."

"हो."

"तो नर उभा होता. तुमचं सगळं त्यावर होतं. आणि तुम्ही उगाच..."

"उगाच," मार्लिस म्हणाली. "आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उगाच. शंभरदा उगाच. तुला त्याचं काय?"

ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि डोळा घेऊन आली. ट्रेंटच्या तळहातावर तो ठेवला. त्याने हात मागे घेतला नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे.

"तू हिशेब करत होतास ना? अवजारं धरलीस, टोप्या धरल्यास, तासही धरणार होतास. हे धर. गावाला वाटतं, माझ्या बापाची आधीची रायफल अशीच फुटली आणि त्यात त्याचा डोळा गेला. जोलीनलाही मी तेवढंच सांगितलंय. तशी फुटली नाही ती. त्याला शंका आली होती. भरताना कुणीतरी हाक मारली, त्याचा हात अडखळला, त्याच्या लक्षात राहिलं होतं. त्याने ट्रेकडे बघितलं आणि म्हणाला, एवढी दारू, एवढी मेहनत, कोण परत उघडत बसणार? मरायच्या आधी मला सांगितलं त्याने. म्हणाला, मार्लिस, मूठभर दारू वाचवली गं मी."

जोलीन ओट्याला टेकून उभी होती. ती रडत होती, आणि तिला रडताना बघायची आईला सवय नव्हती.

"मॉम, मला बर्नरची भीती नव्हती. तुला कळलंच नाही, याची होती. मला वाटायचं, एक दिवस चुकशील आणि हट्टाने तशीच पुढे जाशील. आज तर तुझी चूक नव्हतीसुद्धा, तरी तू थांबलीस. पैज राहू दे. मी मागे घेते."

"मागे घेणारी तू कोण? हात मिळवलाय मी. भीक नकोय मला. उद्या सकाळी टेबल न्या." आणि मार्लिस झोपायला निघून गेली. दार तिने नेहमीपेक्षा जोरात लावलं.

सकाळी ट्रेंट गाडीतून रिकामी खोकी घेऊन मागच्या खोलीकडे आला. दुसऱ्या हातात तिच्यासाठी कॉफीचा कप. दार उघडं होतं. मार्लिस टेबलाशी बसली होती आणि कालच्या पुंगळ्या पुन्हा भरत होती. दुसऱ्याला द्यायची वस्तू अर्धवट द्यायची नाही, असं तिचं होतं. तिने त्याला खिडकीच्या काचेत बघितलं. वळली नाही.

ट्रेंटने तोंड उघडलं आणि मिटलं.

तो दारात उभा राहिला. मार्लिसने मुद्दाम काम हळू केलं, हे मी सांगायला हवं. दारू तोलली, ओतली, झोत टाकला, बघितलं, पुन्हा बघितलं. कपातली वाफ विरली. बाहेर जोलीनने गाडीचा हॉर्न वाजवला. ट्रेंट हलला नाही. खोकी त्याने आवाज न करता भिंतीशी ठेवली, आणि कधी या पायावर कधी त्या पायावर भार देत उभा राहिला. शेवटची गोळी बसली, डबीचं झाकण लागलं, तेव्हा मार्लिस वळली.

"काय?"

"जिंकलेलं टेबल माझं ना?"

"तुझं. रायफलही तुझी. शब्द दिलाय."

"मग ते इथेच राहील. रायफलही. आमच्याकडे जागा नाही. आणि कुणाला तरी ते वापरावं लागेल, नाहीतर गंजेल."

मार्लिसने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"भाडं देणार नाही मी," ती म्हणाली. "आणि ती कॉफी गरम करून आण."

ट्रेंटने खिशातून डोळा काढला आणि झाकणात ठेवला. बुबुळ दाराकडे झालं, जिथे तो स्वतः उभा होता तिकडे. मार्लिसने हात लांब करून डोळा फिरवला आणि पुन्हा आपल्या खुर्चीकडे केला.

"तो तुझ्यावर नजर ठेवायला नाहीये," ती म्हणाली. "माझ्यावर आहे."